कुलपातली माशी

शेजारचे भाऊजी पेरूच्या बागेत बांबूच्या नळ्या टांगतात. त्यांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या अंडी घालतात आणि बागेला फळ चांगलं धरतं. "वहिनी, यांना शेजार लागत नाही," असं ते कौतुकाने सांगत. भाऊजींनाही लागत नसे. आमच्या अंगणातून जाणं-येणं त्यांनीच बंद केलं होतं.

यंदा ते बागेत मुक्कामाला असताना एका माशीने त्यांच्या दाराच्या कुलपात अंडं घातलं आणि भोक मातीने बुजवलं. माती काढली तर आतला जीव मरेल, म्हणून ते आमच्या अंगणातून आपल्या घराच्या मागच्या दाराने जाऊ लागले. रोजचा चहाही इथेच होऊ लागला.

महिन्याभराने माशी उडून गेली. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "आता काय करणार, दुसरी बसली."

मी जाऊन पाहिलं. कुलपावरच्या ओल्या मातीत अंगठ्याचा ठसा होता. मी घरी येऊन चहाचं आधण ठेवलं.