कॅम्पातली मांजरं आणि आमची बेबी

चहा आला रे आला की तुमचं सुरू होतं, ‘गांगुर्डे, मांजरांचा एखादा होऊन जाऊ दे!’ होऊ दे की. देवळाली कॅम्पात डॉक्टर बोरस्त्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, सत्तर सालानंतरची दहा-बारा वर्षं. हातावर जेवढे बोचकारे, तेवढे किस्से. गाय आणली की माणूस सरळ सांगतो, दूध देत नाही, लंगडते. मांजर आणली की तो स्वतःबद्दलच बोलायला लागतो! म्हणून मांजरांचेच किस्से जास्त साठले.

त्यातल्या एका वर्षी घरची एक काळजी पाठीला होती, ती आधीच सांगतो. आमची बेबी तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. कुणी म्हणे मध चाटवा, कुणी म्हणे वेखंड उगाळून लावा. सगळं झालं. आई म्हणायची, ‘लय हट्टी हाय. बापावर गेली. तू तरी कुठं चार वर्सं बोललास?’ मीही तेच धरून बसलो होतो. सुमन, माझी बायको, शाळेत शिकवायची. आई गावी गेली की बेबी माझ्याबरोबर दवाखान्यात. मांजरांत तिचं मन छान रमायचं.

* * *

मेजरसाहेबांच्या बंगल्यात सयामी मांजर होती. अंग सायीच्या रंगाचं. तोंड, कान, पाय, शेपटी काळी. ती व्याली आणि मॅडम तडक दवाखान्यात. ‘डॉक्टरसाब, चारों के चारों सफेद! ये उस खानसामे के बिल्ले की करतूत है!’

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सयामी पिल्लं जन्मतात ती पांढरीच. पोटात सगळीकडे सारखी ऊब असते ना! बाहेर आल्यावर अंगाचा जो भाग गार पडतो तिथं काळा रंग धरतो. महिनाभर थांबा.

मॅडम कसल्या थांबतात! बंगल्याच्या इज्जतीचा सवाल! आईसकट चारही पिल्लं द्राक्षांच्या पेटीत घालून निवृत्ती दूधवाल्याच्या घरी रवाना.

तीन आठवड्यांनी निवृत्ती धापा टाकत आला. ‘डॉक्टर, लय वंगाळ झालं! पिल्लांची तोंडं करपाया लागली. चुलीपाशी बी नाय जात हो ती!’

डॉक्टर पोट धरधरून हसले. बातमी बंगल्यावर पोचली तशा मॅडम पिल्लं परत मागायला गेल्या. निवृत्तीची बायको दारातच उभी राहिली. ‘पांढरी व्हती तवा बी आमची, काळी झाली तरी बी आमचीच.’

* * *

बेकरीवाल्या शेटजींची पर्शियन. ही मूळची इराणकडची म्हणतात. चपटं नाक आणि केस असे की तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, पत्ता लागू नये. वैशाखात त्या केसांच्या इतक्या गाठी झाल्या की शेवटी मशीन लावून सगळे काढावे लागले.

शेटजी न्यायला आले. त्यांनी टेबलावर पाहिलं. मग वाकून टेबलाखाली पाहिलं.

‘गांगुर्डे, बाकीची मांजर कुठंय?’

* * *

ओझरच्या विमान कारखान्यातला एक फिटर बिनशेपटीची मांजर घेऊन आला. ‘इंग्लंडजवळच्या एका बेटावरची ब्रीड आहे साहेब, जन्मतःच शेपूट नसते.’ अशी ब्रीड आहे खरी. पण ती ओझरला कशी पोचली, देव जाणे! डॉक्टर म्हणाले, ‘पिल्लं होऊ द्या. एखादं तरी बिनशेपटीचं निघालं तर तुमचं म्हणणं विचारात घेऊ.’

पिल्लं झाली. पाचच्या पाच शेपट्या ताठ उभ्या! फिटर शेपट्या परत मोजायला लागला. मागून त्याची बायको हळूच म्हणाली, ‘अहो, आता तरी सांगा त्यांना, सासूबाईंनी दार लावताना शेपटी सापडून तुटली तिची.’

* * *

एकलहऱ्याहून एक कारकून यायचे. त्यांच्या मांजराचं नाव ‘सरदार’. काळा, पांढरा, नारिंगी, तिन्ही रंग अंगावर. मी लांबूनच म्हटलं, ‘ही मादी आहे.’ तीन रंगांचं मांजर जवळजवळ नेहमी मादीच निघतं, हे डॉक्टरांनीच शिकवलेलं. कारकून भडकले. ‘अहो, चेहऱ्यावरचा रुबाब बघा!’

पुढच्या महिन्यात सरदारनं त्यांच्या लग्नातल्या कोटावर चार पिल्लं घातली. मी विचारलं, ‘आता नाव बदलणार का?’

‘कसं बदलू? घरात सगळे त्यालाच घाबरतात.’

* * *

आणि एक म्हातारी, पिशवीतून साधी पट्ट्यापट्ट्यांची गावठी मांजर घेऊन आली. बाकावर सयामी, पर्शियन बघून बिचारी संकोचून कोपऱ्यात उभी. डॉक्टरांनी तिला आधी आत घेतलं. म्हणाले, ‘आजी, माणसानं पहिल्यांदा धान्य साठवलं, त्यावर उंदीर आले, उंदरांमागं रानातली मांजर आली. ती अशीच होती, पट्ट्यांची. या बाकीच्या सगळ्या तिच्याच लेकी-नाती.’

म्हातारीनं बाकाकडे एक नजर टाकली. ‘मंग नातींनी उंदीर धरायचं का सोडलं म्हनं?’

* * *

हे सगळं बघून मी फार शहाणा झालो होतो. माणूस मांजरात जे बघायचं ठरवून येतो तेवढंच बघतो, असं माझं मत. संध्याकाळी सुमनला रंगवून सांगायचो, ‘डोळ्यांसमोर असून दिसत नाही गं लोकांना!’ ती हसायची. मग बेबीकडे बघायची आणि हसणं थांबायचं.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

त्या दिवशी आई गावी गेलेली. सकाळी निघताना बेबीला चार हाका मारल्या. ती पाठमोरी, भिंतीवरच्या मुंग्या बघत बसलेली. वळेचना. मला उशीर होत होता. पाठीत एक धपाटा घातला आणि उचलून घेऊन आलो.

दुपारी नाशिकरोडचे एक रिटायर्ड मास्तर आले. करंडीत मांजर, पांढरीशुभ्र, दोन्ही डोळे निळे. मास्तर चिडलेले. ‘महाहट्टी आहे हो! हाका मारून घसा बसतो, पण मान वळवत नाही. दूध बंद केलं. परवा तर न्हाणीघरात कोंडून ठेवली.’

डॉक्टर आत हात धूत होते. माझ्या अंगात शहाणपण आलं. म्हटलं, ‘मास्तर, पांढरं अंग आणि निळे डोळे असले की पुष्कळदा मांजराला ऐकू येत नाही. थांबा, दाखवतो.’

मांजर चटईवर ठेवली. बेबी लगेच तिच्याजवळ जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. मी स्टीलचा ट्रे नि चिमटा घेतला, पाय न वाजवता मागं गेलो. पावलांची थरथर जमिनीतून कळते, तेवढीही कळू द्यायची नाही. आणि दणकन वाजवला!

बाकावरचा कुत्रा भुंकत उठला. मास्तरांच्या हातातली छत्री पडली. मांजर पंजा चाटत होती, ती चाटतच राहिली.

मास्तरांचे डोळे भरले. ‘अरेरे! आणि मी हिला कोंडली हो. हिला काही कळतच नसेल, कशासाठी ते.’

मी ऐटीत वळलो. डॉक्टर दारात उभे होते, हात ओलेच. ते मांजरीकडे बघत नव्हते.

‘गांगुर्डे,’ ते हळू म्हणाले, ‘परत वाजव.’

मी बघितलं ते कुठं बघताहेत.  परत वाजवला. मग आणखी जोरात. मग आणखी जोरात. डॉक्टरांनी येऊन माझा हात धरला तोवर वाजवतच होतो.

बेबी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत होती.