सत्तावीस शेगड्या

देवराम रोकडे शेगडी आधी ऐकतो, मग बघतो. गॅस सोडला की बर्नरमधून जो श्वास निघतो, त्यावरून तो सांगतो की नोझलमध्ये, म्हणजे गॅस सुटतो त्या बारीक तोंडात, कचरा अडकलाय, की चालू-बंद करायचा कॉक घासलाय, की भोक मोठं झालंय. नीट चालणारी शेगडी झोपलेल्या लेकरासारखा आवाज करते, असं त्याचं म्हणणं. मुरबाडकडच्या खेड्यातून तो विसाव्या वर्षी इकडे आला, उल्हासनगरला शेगड्यांच्या कारखान्यात सात वर्षं बर्नर बसवत राहिला, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा आंबिवली स्टेशनाबाहेरच्या गल्लीत एका पत्र्याखाली त्याने आपलं दुकान मांडलं. दुकानात पाटी नाही. हात नेमका आहे, हे त्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्याचं तो लपवत नाही.

अशा माणसाने पुराच्या वेळी काय करावं? तोही आधी सगळे करतात तेच करायला गेला.

दोन पावसाळ्यांमागे वालधुनी नदीचं पाणी विठ्ठलवाडीच्या समाधान चाळीत शिरलं. रात्रीत छातीभर चढलं आणि दुसऱ्या दुपारी, आपण काहीच केलं नाही अशा मुकाट्याने, उतरून गेलं. मागे राहिला गाळ. भिंतीवर त्याची सरळ रेघ, कपाटात त्याचे थर, पिठाच्या डब्यात तो, लेकरांच्या दप्तरात तो. देवरामच्या बायकोने जुन्या कपड्यांची एक पिशवी बांधून दिली आणि ती घेऊन शुक्रवारी तो चाळीत पोचला. चाळीच्या तोंडाशी कपड्यांचा ढीग आधीच कमरेएवढा झाला होता. ठाण्यातल्या माजिवड्याच्या एका सोसायटीची माणसं टेम्पोतून खिचडीची पाकिटं उतरवत होती. देणारे पुष्कळ होते. देवरामने पिशवी ढिगावर ठेवली आणि आता दुसरं काय करायचं ते न सुचून तो नुसता चाळीतून चालत गेला.

सातव्या दारात एक बाई शेगडी पायरीवर ठेवून तिच्या नोझलमध्ये डोक्यातली पिन खुपसत होती. देवरामचे पाय थांबले.

"ताई, पिन घालू नका. भोक वाढलं की ज्योत पिवळी होते, आणि मग ती जन्मभर पिवळीच."

ती रखमाबाई. पस्तिशीची, एकटीच्या जिवावर घर चालवणारी. डोंबिवलीच्या एका वर्कशॉपातल्या बत्तीस कामगारांना ती डबा पुरवायची. तीन बर्नरची तिची शेगडी हाच तिचा कारखाना. पूर आला त्या दिवसापासून डबे बंद होते. वर्कशॉपचा सुपरवायझर राकेश भला माणूस, पण त्यानेही फोनवर स्वच्छ सांगितलेलं. सोमवारी डबा आला तर ठीक, नाहीतर पोरं दुसरीकडे लावतील, आणि एकदा लावला की कोण परत येतंय. हे सगळं रखमाबाईने पिन हातात धरूनच सांगितलं. पुढे एवढंच म्हणाली, की खिचडी चांगली आहे, पण दुसऱ्याच्या खिचडीवर किती दिवस काढायचे.

देवरामने मान वर करून चाळीकडे पाहिलं. प्रत्येक पायरीवर एक शेगडी होती. प्रत्येक शेगडीच्या पोटात गाळ होता.

टेम्पोवाल्या माणसांची म्होरकी ऐश्वर्या नावाची मुलगी होती, ठाण्यातल्या एका ऑफिसात कामाला, सुट्टी टाकून आलेली. देवराम तिच्याकडे गेला आणि म्हणाला, कपडे पुरे झाले, खिचडीही उद्यापुरती पुरे. आता नळ्या आणा. गॅसच्या केशरी नळ्या, तारेचे ब्रश, साबण, आणि आठ-दहा माणसं ज्यांना हात काळे करून घ्यायला लाज वाटत नाही. पाण्यात बुडालेली नळी आणि रेग्युलेटर तपासल्याशिवाय कुणी सिलिंडर उघडायचा नाही, हेही तिला घरोघर सांगायला लावलं. ऐश्वर्याने विचारलं की शेगड्या किती असतील. त्याने मोजून आल्यासारखं सांगितलं, सत्तावीस. घासायला माणसं हवीत, पण दोन दिवसांत सगळ्या जुळवून पेटवतो, म्हणाला. एकट्याने.

शनिवारी सकाळी सत्तावीस शेगड्या चाळीमागच्या उंचावरच्या बुद्धविहाराच्या ओट्यावर आल्या. देवरामने त्या कोंबडी सोलावी तशा भराभर सुट्या केल्या. बर्नर एका टबात, जाळ्या एका टोपलीत, नळ्या तिसरीकडे; नोझलं तेवढी ज्या त्या शेगडीवरच. कारखान्यात असंच चालायचं. ऐश्वर्या चिठ्ठ्या आणि रबर घेऊन उभी होती.

"काका, प्रत्येकीला नंबर लावू का? नंतर कुठलं कुणाचं कळायचं नाही."

देवराम हसला. "आई काय पोरांना नंबर लावून ओळखते का?"

ऐश्वर्याने चिठ्ठ्या परत पर्समध्ये ठेवल्या.

दिवसभर माजिवड्याची माणसं ब्रशने पितळ घासत होती. त्यांत एक बँकेतला साहेब होता, एक शाळेतली शिक्षिका होती, आणि दोघांच्या नखांत सारखाच गाळ होता. संध्याकाळपर्यंत टबातले बर्नर नव्या नाण्यांसारखे चकाकायला लागले. तेव्हाच देवरामने टबातून दोन बर्नर उचलून शेजारी शेजारी धरले. घासून स्वच्छ झालेलं पितळ सगळं एकसारखं दिसतं. ज्या डागांवरून, ज्या काजळीवरून त्याने त्यांना ओळखलं असतं, ते सगळे ओळखीचे डाग आता गटारात गेले होते.

तरी तो थांबला नाही. रविवारी त्याने एकेक शेगडी जुळवली, जिथे जो बर्नर बसला तिथे तो बसवला, नवी नळी लावली, साबणाचा फेस लावून गळती पाहिली आणि शेगडी घरी पोचवायला दिली. दुपारी तीनपर्यंत सव्वीस गेल्या. बायकांनी चहा विचारला, प्रत्येक दारात विचारला. त्याने प्रत्येक दारात नको म्हटलं. पाण्यात बुडालेल्या घरातून काय घ्यायचं, असं त्याला वाटे, आणि वेळही नव्हता.

सत्ताविसावी रखमाबाईची. ती मुद्दाम शेवटी ठेवलेली, निवांत करायची म्हणून. देवरामने पेटवली. दोन बर्नर निळे लागले. तिसऱ्याची, मधल्या मोठ्याची, ज्योत पिवळी होऊन वीतभर उडाली आणि तिने पातेल्याचं बूड क्षणात काळं केलं. त्याने उचलून पाहिलं. तो मोठा बर्नर नव्हताच. मोठ्या नोझलवर कुणाचा तरी लहान बर्नर बसला होता. बूड तेच, डोकं लहान.

रखमाबाईला शेगडीतलं कळत नव्हतं, पण देवरामचं तोंड कळलं.

"काय झालं, दादा?"

"तुमचा बर्नर दुसऱ्या घरात गेलाय."

"कुणाच्या?"

ते त्याला माहीत नव्हतं. मोठ्या बर्नरशिवाय बत्तीस माणसांचा भात शिजत नाही. त्या मापाचा बर्नर आंबिवलीच्या दुकानात नव्हता, आणि उल्हासनगरचा बाजार रविवारी दुपारीच मिटलेला. सोमवारी सकाळी साडेआठला डबे निघायला हवे होते.  रखमाबाईने निवडायला घेतलेले तांदूळ ताटात तसेच ठेवून ताट बाजूला सारलं, आणि ते ताट सारणं देवरामला शिवीपेक्षा जास्त लागलं.

आता सव्वीस घरं फिरायची. तो पहिल्या घरात गेला. शेगडीवर डाळ चढलेली. दुसऱ्या घरात भात. तिसऱ्या घरात एक म्हातारा नुसता उकळतं पाणी बघत बसला होता. चार दिवसांनी चढलेलं पहिलं भांडं उतरवा, मला खाली बघायचंय, हे सांगायला देवरामची जीभ उचलेना. काळ्या बुडाची भांडी कुठे दिसतात का, तेही त्याने बघितलं. कुठेच दिसली नाहीत. चाळीच्या मधोमध तो उभा राहिला. सत्तावीस शेगड्या दोन दिवसांत, एकट्याने. स्वतःचेच शब्द त्याला आठवले, आणि ते त्याला कुणा परक्याचे वाटले.

मग त्याने डोळे मिटले आणि जे येतं ते केलं. ऐकलं.

संध्याकाळची वेळ होती. प्रत्येक दारातून शेगडीचा श्वास येत होता, बारीक, सारखा, शेजारी शेजारी. तो हळूहळू दारांवरून चालत गेला. उभी राहिलेली माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि एकाने दुसऱ्याला हळूच सांगितलं की काकांना थकवा आला असेल. एकोणिसाव्या दाराशी आवाज बदलला. रुंद, घुमणारा, मोठ्या छातीच्या माणसासारखा. देवरामने डोळे उघडले.

ते भीमाबाईचं दार. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, एकटी, चाळीतली सगळ्यात जुनी रहिवासी. शेगडीही चाळीतली सगळ्यात जुनी. तिच्या नोझलमध्ये वर्षानुवर्षं पिना घालून भोक एवढं वाढलं होतं की लहान बर्नरवर तिची ज्योत कायम पिवळी जळायची, आणि आता मोठा बर्नर बसल्यावर ती पहिल्यांदाच निळी, डेरेदार लागली होती.

"ये रे बाबा," भीमाबाई म्हणाली. "काय केलंस तू हिला? लग्नातसुद्धा एवढी चांगली पेटली नव्हती."

देवरामने उंबऱ्याबाहेर उभं राहून खरं ते सांगितलं. बर्नर रखमाबाईचा आहे, चूक माझी, नंबर लावू दिले नाहीत, आणि उद्या सकाळी तिला डबे पाठवायचेत. तेवढा काढून द्या, मी घाईत आहे.

भीमाबाईने ऐकून घेतलं. "म्हणजे ही ऐट माझी नव्हतीच." मग तिने पाट पुढे सरकवला. "बस."

"आजी, वेळ नाही."

"चार दिवस झाले, माझ्या दारात जो येतो तो देऊन जातो. चादर देतो, बिस्किटं देतो, फोटो काढतो. वाईट नाहीत रे माणसं. पण घेऊन घेऊन हात अवघडलेत माझे. आज एक माणूस तरी माझ्याकडून काही घेऊन जाऊ दे."

देवराम बसला. दोन दिवसांत नाकारलेले सगळे चहा त्याला एकदम आठवले. भीमाबाईने पातेलीत पाणी ठेवलं, पुडीतली साखर घातली, दूध पावडरीचं होतं. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. त्याने तो सगळा वेळ दिला. कप हातात आला तेव्हा बोटांतला गाळ कपाला लागला आणि ती म्हणाली, असू दे, सगळ्याच कपांना लागलाय.

चहा संपल्यावर तिने स्वतः गॅस बंद केला. बर्नर निवू दिला, फडक्यात गुंडाळला आणि देवरामच्या हातात न देता स्वतःच घेऊन निघाली. रखमाबाईच्या दारात जाऊन म्हणाली, "घे गं तुझं. एक दिवस माहेरपणाला आलेलं माझ्याकडे."

रखमाबाईने ताट परत पुढे ओढलं.

देवरामने बर्नर बसवला, मधली ज्योत निळी लागली, आणि तो उठणार तेवढ्यात चहाच्या पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. तो पुन्हा बसला. त्या संध्याकाळी भीमाबाईकडे परत जाऊन त्याने तिचा लहान बर्नर जागेवर बसवला आणि आपल्या पिशवीतलं लहान भोकाचं नवं नोझल तिच्या शेगडीत घातलं. आता तिची ज्योत लहान बर्नरवरही निळी लागली, थोडी कमी डेरेदार. ऐट गेली, असं ती आजही म्हणते.

सोमवारी साडेआठला समाधान चाळीतून डबे निघाले. बत्तीस नव्हते, एकोणीस होते. तेरा जणांनी आठवड्याचं जेवण दुसरीकडे सांगून ठेवलं होतं. त्यातले अकरा महिनाअखेरीपर्यंत परत आले. दोघे आलेच नाहीत, आणि रखमाबाई त्यांची नावं अजून घेते.

देवराम मात्र बदलला. आता प्रत्येक पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या दुकानात एक पिशवी भरलेली असते, नळ्या, नोझल, ब्रश, साबण, आणि तारेत ओवलेले पत्र्याचे नंबर. शेगडी तो घरातून हलवत नाही. उंबऱ्यावर बसून, तिच्या मालकिणीसमोर खोलतो आणि तिच्यासमोरच जुळवतो. नवीन कुणी मदतीला आलं, की काय आणू म्हणून आधी त्या घरातल्या बाईला विचारायला सांगतो.

गेल्या वर्षी नदीकाठच्या दुसऱ्या एका वस्तीत पाणी शिरलं तेव्हा ऐश्वर्याही आली होती. दुपार कलली होती, ढग पुन्हा दाटून आलेले. पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "काका, चला ना, अजून नऊ घरं राहिलीत."

देवराम उंबऱ्यावर बसलेला होता. आतून ज्योतीचा आवाज येत होता, सारखा, शांत.

"थांब," तो म्हणाला. "पाणी उकळू दे."