दादाच्या नावची फुंक

माझी फुप्फुसं चांगली आहेत. डॉक्टर तपासतात आणि "उत्तम" म्हणतात, तेव्हा मी घाईनं शर्टाची बटणं लावतो. कारण ती चांगली राहिली ती माझ्या गुणानं नाही, दादाच्या एका थपडेनं.

फर्दापूरकडच्या डोंगरात आम्ही दोघं भाऊ मेंढरं राखायचो. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मिसरूड फुटायच्या आधीच त्यानं बिडी धरली होती. कितीही वारा असू दे, ओंजळ करून एका काडीत पेटवायचा. मला त्याचं लई कौतुक. एकदा त्यानं टाकलेलं थोटूक मी उचललं आणि झुरका मारला. त्यानं पाहिलं आणि अशी ठेवून दिली कानाखाली, की मेंढरंसुद्धा बिचकली. वर म्हणतो कसा, "मी नासलो तेवढं बास झालं. परत तोंडाला लावलीस तर तंगडं मोडीन." त्यानंतर मी बिडीला शिवलो नाही.

पुढं मेंढरं विकून आम्ही औरंगाबादला आलो. उस्मानपुऱ्यात शेजारी शेजारी दोन खोल्या घेतल्या. एकीत दादा-वहिनी, दुसरीत मी. दोघंही चितेगावच्या एकाच कंपनीत कंत्राटावर. तिथं बिडी ओढणाऱ्याला मधेच दहा मिनिटं भिंतीमागं जायला मिळायचं, त्याला कुणी काही बोलत नसे. न ओढणारा नुसता टेकला तरी मुकादम खेकसायचा, "का रे, बसायला आलास का इथं?" म्हणजे विसावा हवा तर बिडी ओढा! दादाची दिवसाला दोन बंडलं व्हायला लागली. सकाळी उठला की आधी खोकला, मग बिडी, मग चहा.

वहिनी रोज भांडायची. "छातीत पिठाची गिरणी बसवलीय का तुम्ही?" म्हणायची. बंडलं लपवायची, पाण्यात बुडवायची, माहेरी जायची धमकी द्यायची. कधी कधी दादा वैतागून दोन-दोन दिवस बिडीला हात लावायचा नाही. तिचं भांडण हेच त्याचं औषध होतं, पण हे मला फार उशिरा कळलं.

एका वर्षी कंपनीत तपासणी निघाली. पटांगणात मांडव, दोन डॉक्टर आणि एक यंत्र. नळी तोंडात धरायची, छातीभर श्वास घ्यायचा आणि सगळाच्या सगळा जोरात बाहेर फेकायचा. त्याच महिन्यात काही जणांना कायम करणार होते आणि त्या यादीत दादाचं नाव होतं. झालं, भिंतीमागच्या मंडळींत आवई उठली, की ज्याचा दम कमी निघेल त्याला घरी बसवणार. दुपारच्या सुट्टीत दादानं मला बाजूला घेतलं.

"माझ्या चिठ्ठीवर तू फुंक."

"येडा का खुळा तू? सापडलो तर दोघंही जाऊ."

"कोण बघतंय? सगळ्यांचे कपडे सारखे, चिठ्ठीवर फोटो नाय. तू सकाळी फुंकलंस, आता यंत्रावर दुसरा माणूस बसलाय." मग मान खाली घालून म्हणाला, "माझ्यात नाय रे तेवढा दम."

दादानं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी गेलो. "फेका, फेका, अजून, अजून!" यंत्रावरचा माणूस ओरडत होता आणि मी डोळ्यांपुढं काजवे चमकेपर्यंत फेकत राहिलो. चिठ्ठीवर वय दादाचं, छाती माझी. "वा! वयाच्या मानानं एक नंबर," तो म्हणाला आणि कागद हातात दिला. भिंतीमागं आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता दादाला ठसका लागला, तो काही केल्या थांबेना.

ती आवई निव्वळ थाप होती हो! ज्यांचा दम कमी निघाला त्यातल्या एकालाही कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी त्यांना एकेकट्याला बसवून समजावलं, तोंडात मारायचे पंप दिले, पुन्हा पुन्हा बोलावलं. दोघांनी तर बिडी सोडली. दादाला कुणी बोलावलं नाही. कशाला बोलावतील?

तपासणी झाली त्याच संध्याकाळी त्यानं कागद वहिनीपुढं धरला होता. "घे, बघ. डॉक्टरचा सही-शिक्का आहे. म्हणे गिरणी!"

वहिनी दोन इयत्ता शिकलेली. तिनं कागद उलटासुलटा केला आणि माझ्याकडं बघितलं. "व्हय का भाऊजी?"

"व्हय," मी म्हणालो.

त्या दिवसापासून तिचं भांडण बंद झालं. दादानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला. पहिल्यांदा तो दाखवताना माझ्याकडं बघून डोळा मारायचा. पुढं डोळा मारायचं बंद झालं. दोनेक वर्षांत त्याला स्वतःलाच तो कागद खरा वाटायला लागला. मी बिडीवरून बोललो की खिशावर हात मारायचा, "कागद आहे की!" एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, फुंकलं कुणी होतं?" तर माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही मीच वंगाळ बोललो. पुन्हा मी तो विषय काढला नाही. भेकड माणूस मी.

कंपनीची बस चौकात यायची. तिथवर चालताना दादा दारोदार थांबायचा. काय मावशी, गुडघा कसा आहे? काय भाईजान, पोरगी पास झाली का? गल्लीला वाटायचं, माणूस किती मायाळू. तो दम घ्यायला थांबायचा. मला ठाऊक होतं.

मग पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. ओठ निळसर दिसायला लागले, अंथरुणाला पाठ टेकली की जीव गुदमरायचा. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, जुने कागद मागितले. वहिनीनं मोठ्या भरवशानं ती पिशवी पुढं केली.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आठ वर्षांपूर्वी इतकी चांगली फुप्फुसं? नुसत्या बिडीनं इतक्या झपाट्यानं जात नाहीत. दुसरंच काहीतरी दिसतंय." आणि ते दुसरं काहीतरी शोधायला सुरुवात झाली. रक्त काढलं, पुन्हा काढलं, यंत्राच्या बोगद्यात घातलं. दादाला धड आडवं होता येत नव्हतं, तरी आडवं करत होते. मी दोन दिवस बघत राहिलो. वहिनी सारखी शेजारी, तिच्यादेखत तोंड उघडेना. तिसऱ्या दिवशी पुन्हा सुई टोचायला आले तेव्हा दादानं मान फिरवली, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी बोललो.

"डॉक्टरसाहेब, तो श्वास माझा आहे. दादाचा नाही."

डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. त्यांनी सुई मागं पाठवली आणि सांगितलं, "म्हणजे हे तेव्हाचंच आहे. आत गेलेली हवा बाहेर पडत नाही, कोंडून राहते. अशा फुप्फुसांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. पायावरची सूज तीच. गेलेलं परत येत नाही, पण बिडी तेव्हा सुटली असती तर उरलेलं पुष्कळ टिकलं असतं."

वहिनी माझ्याकडं बघत होती. "तुम्ही व्हय म्हणालात, भाऊजी. म्हणून मी भांडायचं सोडलं."

दादानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "त्याला... नको बोलू," एकेका शब्दाला थांबत तो म्हणाला. "मीच... गळ घातली."

त्यानंतर तो एक हिवाळा काढला त्यानं. बिडी सुटली, ऑक्सिजनची नळी आली. बशीतला चहा गार करण्याएवढीही फुंक उरली नव्हती. बशी माझ्यापुढं सरकवायचा आणि हसायचा, "मार एक... माझ्या नावची." मी फुंकायचो, तो प्यायचा. माझा चहा तसाच गार होऊन जायचा.

दादाचे दिवस-वार उरकल्यावर वहिनीनं मला बोलावलं. त्याच्या शर्टाच्या खिशातली पिशवी तिच्या हातात होती. तिनं कागद काढून उलगडला.

"यात त्यांचं काय आहे, भाऊजी?"

"वर नाव आहे."

तिनं वरची नावाची पट्टी नखानं घडी घालून सावकाश फाडली आणि कुंकवाच्या डबीत ठेवली. उरलेला कागद माझ्या हातात दिला.

"हे तुमचं," ती म्हणाली.