पिकाला वळसा

वाशी गावच्या धुळाप्पांनी पन्नास वर्षं मेंढरं वळली. गुडघ्यांनी दगा दिला तसा कळप विकावा लागला, आणि घरात बसून चिडचिड करणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात नातीनं, हर्षालीनं, व्हिडिओ गेमचा रिमोट दिला.

गेममध्ये अख्खा मुलूख मोकळा होता. नकाशावर गाव किंवा गड निवडला की घोडेस्वार क्षणात तिथं हजर व्हायचा. धुळाप्पा मात्र रमतगमत निघायचे. ओढा लागला की घोड्याला पाणी दाखवायचे, आणि उभं पीक आडवं आलं की बांधाबांधानं लांबचा वळसा घालायचे.

"आबा, खोटं पीक हाय ते! जावा की मधनं," हर्षाली वैतागली.

"आन् मालक काठी घिऊन आला मंजी?"

त्याच बांधाच्या टोकाला झुडपात एक भुयार निघालं. वर्षभर खेळूनही हर्षालीला ते कधी दिसलं नव्हतं. ती हरखून म्हणाली, "लई भारी, आबा! आता नकाशावरनं थेट गडावर चला."

"न्हाय," धुळाप्पा म्हणाले. "दवाखाना असू दे, न्हायतर लगीन, तुमी मला गाडीत घालता आन् थेट दारात उतरवता. हितं माझं गुडघं दुखत न्हाईत, पोरी. चालू दे की जरा."