गोलरेषेवर डावीकडे

माझा जावई आयरिश आहे आणि तो हर्लिंग खेळतो, हे मला एकाच दिवशी कळलं. दोन्हींपैकी कशाचं जास्त वाईट वाटलं ते आता आठवत नाही. आयरिश असण्याची सवय लवकर झाली. मुलगा गुणी, हसरा, जेवायला कधी आग्रह करावा लागला नाही, आणि लेकीचं ऐकून मला बाबा म्हणायला लागला. हर्लिंगची सवय व्हायला मात्र वेळ लागला. सपाट टोकाची लाकडी काठी घेऊन धावायचं, चामड्याचा चेंडू जमिनीवरून काठीनेच उचलायचा आणि हवेतल्या हवेत फटकवायचा, समोर कुणाचं थोबाड आहे याची फारशी फिकीर न करता. मी तीसेक वर्षं डोळ्यांचा डॉक्टर होतो.

निवृत्त झाल्यावर रविवार सकाळ रिकामी पडली, म्हणून मी जायला लागलो. मैदान शहराबाहेर वॉनला, गोदामांच्या मागे. पलीकडे ट्रक रिव्हर्स घेत असतात, त्यांचं टीं टीं चाललेलं असतं, आणि अलीकडे वीस-पंचवीस प्रेक्षक घडीच्या खुर्च्या उघडून बसतात. जावई गोलकीपर होता. त्यामुळे मी गोलच्या मागे, जाळीला नाक लावून उभा राहायचो, जॅकेटच्या खिशात हात घालून. खिशात हात घालून उभं राहण्यावरून माझ्या बायकोने मला आयुष्यभर टोकलंय. सवय गेली नाही ती नाहीच.

त्या प्रेक्षकांत दोघांचं कायम वाजायचं. एक म्हातारा, निवृत्त बसड्रायव्हर, आयर्लंडातल्या कॉर्कहून पन्नास वर्षांपूर्वी आलेला. दुसरी एक नर्स, चाळिशीतली, मुलींच्या संघाला शिकवणारी. वाद एकच, पेनल्टीचा. पूर्वी पेनल्टी मारताना गोलरेषेवर तिघं उभे राहायचे, मधे गोलकीपर आणि दोन्ही बाजूंना एकेक गडी. मारणारे हुशार निघाले. चेंडू उचलताना तो चार-पाच पावलं पुढे उडवायचे, मागोमाग धावायचे आणि अगदी तोंडासमोर येऊन हाणायचे. कुणाचा तरी जीव जाईल म्हणून नियम बदलला. आता चेंडू वीस मीटरच्या रेषेच्या मागूनच मारायचा, आणि समोर गोलकीपर एकटा.

म्हाताऱ्याला हा नियम म्हणजे भेकडपणा वाटायचा. एकट्या माणसाला उभं करून मारणं याला काय अर्थ आहे, म्हणायचा. नर्स म्हणायची की तीन माणसं उभी केली तर तीन माणसांना लागू शकतं, एवढं गणित तरी येतं ना. मग म्हातारा पिकनिकच्या टेबलावर कॉफीचे तीन कप ओळीने मांडायचा आणि बिस्किटाच्या तुकड्याने पेनल्टी मारून दाखवायचा. पोरंठोरं तरी यापेक्षा शहाणी असतात. पण खरं सांगायचं तर मलाही त्यात मजा यायची, आणि मी गुपचूप नर्सच्या बाजूचा होतो.

त्या सप्टेंबरात जेवणाच्या टेबलावर एक गोष्ट घडायला लागली. आमच्याकडे रविवारी दुपारी लेक-जावई जेवायला येतात. बायको ताट आपल्या पद्धतीने वाढते. उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. जावयाला डावी बाजू फार आवडायची. लसणाची चटणी तो मागून घ्यायचा आणि लिंबाची फोड साल पांढरी पडेपर्यंत पिळायचा. तर एका रविवारी त्याने डाव्या बाजूला हातच लावला नाही. पुढच्या रविवारीही नाही. चटणी, लिंबू, कोशिंबीर जशी वाढली तशी. भातसुद्धा उजवीकडचा संपलेला आणि डावीकडचा तसाच, मधे सुरीने कापल्यासारखी सरळ कड.

बायकोने आपला निष्कर्ष काढला. "त्याला आता स्पायसी सूट होत नाही बहुतेक," ती किचनमध्ये मला म्हणाली. "बिचारा संकोचाने बोलत नाही. मी त्याला डावी बाजू वाढणं स्किपच करते." आणि तिसऱ्या रविवारी तिने त्याच्या ताटात डावीकडे काही वाढलंच नाही. भातही जरा उजवीकडे सरकवून घातला. ताट स्वच्छ झालं. सगळ्यांना बरं वाटलं.

मलाही वाटलं, हे मला आजही सांगवत नाही. ती सरळ कड मी पाहिली होती. त्याच्या गाडीवर डाव्या बाजूला गॅरेजच्या दाराचा लांब ओरखडा होता, तो पाहून मी त्याची चेष्टाही केली होती. लागोपाठ दोन सामन्यांत त्याच्यावर डावीकडूनच गोल झाले होते. दुसऱ्या कुणाचा जावई असता तर मी त्याला तिथेच खुर्चीत बसवला असता. पण साखरपुड्याच्या चहाला मी त्याची पापणी खाली ओढून पाहिली होती, तेव्हापासून लेकीने मला दम दिला होता. "बाबा, तो तुमचा जावई आहे, पेशंट नाही. प्लीज, स्टॉप एक्झामिनिंग एव्हरीवन." आणि जावयाला, तेही जेवताना, टोकायचं नाही हे तर आमच्या हाडात मुरलेलं. वाढायचं, आणखी हवं का विचारायचं आणि गप्प बसायचं. तीन आठवडे मी तेच केलं.

चौथ्या रविवारी धुकं होतं. सामना सुरू होईना. मैदानाच्या मधून पाहिलं तर एकही गोल दिसत नव्हता. गोदामं नाहीशी झाली होती आणि ट्रकचं टीं टीं नेमकं कुठून येतंय ते कळत नव्हतं. मधेच ते अगदी पाठीमागून आल्यासारखं वाटायचं आणि माणसं दचकून बाजूला व्हायची. सगळे टेबलापाशी गोळा झाले आणि अर्थातच पेनल्टी निघाली. हंगामाच्या शेवटी क्लबचा जुन्या खेळाडूंचा सामना होता. तो जुन्या नियमाने, तिघांना रेषेवर घेऊन खेळू, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. नर्स म्हणाली की मग पट्ट्या बांधायलाही जुन्यांनाच बोलवा. कप मांडले गेले. शेवटी म्हातारा जावयाकडे वळला. रेषेवर तू उभा राहतोस, तूच सांग, एकटं उभं राहायला कसं वाटतं?

जावई हसला. "पण मी एकटा नसतोच. माझ्या डावीकडे एकजण असतो."

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची फिरकी घेतोय. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने हळूच विचारलं, कोण असतो?

"माहीत नाही. महिनाभर येतोय. बुटकासा आहे. हेल्मेट नसतं त्याच्या डोक्यावर. नुसता उभा असतो, खिशात हात घालून." जावई हे इतक्या सहज सांगत होता, जणू शेजाऱ्याबद्दल बोलतोय. "मान वळवली की जातो."

म्हाताऱ्याने टेबलावरचा एक कप उचलला आणि हातातच धरून ठेवला. हेल्मेटची सक्ती नव्हती तेव्हा रेषेवर अशी उघड्या डोक्याने उभी राहिलेली पोरं त्याने पाहिली होती. आणि त्याच क्षणी ते ताट माझ्या डोळ्यांसमोर आलं, भाताच्या त्या सरळ कडेसकट.

मेंदूच्या मागच्या भागात बिघाड झाला की दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. डोळे ठणठणीत असतात. माणसाला काळोख दिसत नाही, काही कमी आहे हेसुद्धा कळत नाही. आणि रिकामी पडलेली ती बाजू मेंदू कधीकधी रिकामी ठेवत नाही. तिथे माणसं उभी करतो. असे रुग्ण मी पाहिले होते. मी तोंड उघडणार एवढ्यात पंचांची शिट्टी वाजली, धुकं जरा विरळ झालं होतं, आणि जावई हेल्मेट चढवत धावत गेला. मी हाकही मारली नाही. हाफटाइमला बोलू, असं मनाशी म्हणालो. अजूनही मी शिष्टाचारच पाळत होतो.

पंधरा-वीस मिनिटांत धुकं पुन्हा दाट झालं. मी जाळीमागे माझ्या जागी. समोर धावपळ झाली, कुणीतरी कुणाला तरी गोलच्या तोंडाशी पाडलं आणि पंचांनी दोन्ही हात आडवे पसरले. पेनल्टी.

बाकीचे मागे हटले. जावई एकटा रेषेवर. समोर मारणारा धुक्यात नुसती सावली दिसत होता, तो चेंडू ठेवून खाली वाकला. जावयाने काठी पुढे धरली आणि मग मी पाहिलं की तो उजवीकडे सरकून उभा राहिला. चांगली दोन पावलं. डावीकडे अर्धा गोल उघडा टाकला. दुसऱ्या कुणासाठी जागा करून द्यावी तसा. त्या बाजूने आलेला चेंडू त्याला दिसणार नव्हता. मारणाऱ्याचा हात जरा चुकला तर तो अडवायला त्याची काठीही उठली नसती, आणि हेल्मेटची जाळी सगळंच थांबवते असं नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

मी खांबाला वळसा घालून मैदानात गेलो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पळालो असं म्हणणार नाही, पण चाललोही नव्हतो. पंच ओरडले, मागून नर्स ओरडली. मी त्याच्या डावीकडे रेषेवर जाऊन उभा राहिलो. धाप लागली होती, हात गारठले होते, आणि ते आपसूक खिशात गेले.

जावयाने मान वळवली नाही. नजर समोर चेंडूवर. पंचांना म्हणाला, "राहू दे त्यांना. ते नेहमी इथेच उभे असतात."

डोक्यावर हेल्मेट नाही, बुटका, हात खिशात. मी खाली पाहिलं तर गोलरेषेचा पांढरा चुना माझ्या बुटांना लागला होता. धुक्यात ट्रकचं टीं टीं सुरू झालं आणि थांबलं. मी हात खिशातून काढला, त्याच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला वीतभर अंतरावर धरला आणि बोटं हलवली.

"किती बोटं?" मी विचारलं.

"कुठली बोटं, बाबा?"

मी त्याच्या हातातली काठी घेतली. म्हटलं, चल. पंचांना मी काय सांगितलं ते आठवत नाही. नर्सने मात्र माझं तोंड पाहूनच गाडी काढली.

त्याच दिवशी संध्याकाळी स्कॅन झाला. डोक्यात मागे, उजव्या बाजूला गाठ होती. आठवड्याच्या आत ऑपरेशन. सर्जनबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आणखी थोडा उशीर झाला असता तर त्या हे बोलणं वेगळ्या प्रकारे करत असत्या. त्या मला शाबासकी देत होत्या. मी मान खाली घालून ऐकली. लेकीला मी ताटाचं, कडेचं, ओरखड्याचं सगळं सांगितलं. तिने मला दम दिला होता हे तिलाही आठवलं असणार. तिचा काही दोष नव्हता. त्याला तपासायची परवानगी मागायला मला कुणी अडवलं नव्हतं.

जावई वाचला. डावी बाजू परत आली नाही. गोलमध्ये तो आता उभा राहत नाही, खुर्ची उघडून आमच्यात बसतो. गोलकीपरलाच बाहेर नेल्यावर ती पेनल्टी घ्यायची की नाही यावर लोक सबंध हिवाळा भांडले. म्हातारा त्या वादात पडला नाही. जुन्या खेळाडूंचा सामना नव्या नियमाने झाला. रेषेवर तिघं उभे करा, असं मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

मी जावयाला मेंदूचं सगळं शास्त्र समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग मी विचारलं, तो माणूस अजून दिसतो का? "नाही," तो म्हणाला. "तुम्ही आलात त्या दिवशी गेला." याचंही शास्त्र आहे, गाठ काढल्यावर असं होऊ शकतं. पण गाठ काही दिवसांनी काढली. या हिशेबाशी मी अजून झगडतो. आणि एकटा असलो की वाटतं, जिथे मी उभं राहायला हवं होतं तिथे महिनाभर दुसरं कुणीतरी माझ्यासारखंच उभं होतं.

आता रविवारी बायको त्याला पूर्ण ताट वाढते, डाव्या बाजूसकट. मी त्याच्या डावीकडे बसतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा लिंबू शोधत त्याची बोटं ताटाच्या मधोमध थांबली. बायकोने माझ्याकडे पाहिलं, लेकीने घास तसाच धरला. फोड उचलून त्याच्या हातात देणं सोपं होतं.

"डावीकडे," मी म्हणालो. "अजून डावीकडे. माझ्या बाजूला."