तुह्या हाताले चव हाय

शेवंताकाकूंनी मला वाचवलं, हे आधी लिहिते. काय झालं ते मागून. तेच आधी लिहिलं तर वाचणारा माझ्यावर थुंकून पान उलटेल आणि काकूंपर्यंत पोचणारच नाही, अशी मला भीती वाटते.

बडनेऱ्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांची खानावळ. खानावळ म्हणजे घराचीच पुढची खोली, दोन लांब बाकडी आणि भिंतीला टेकवलेली ताटं. रेल्वेतली माणसं जेवायला यायची. काकू ठेंगण्या, गळ्यात तुळशीची माळ, आवाज मात्र तिसऱ्या फलाटापर्यंत जाईल असा. त्यांची एक सवय होती. कुठलाही पदार्थ झाला की त्या चमच्याने चाखत नसत. करणारीसमोर उजवा तळहात पसरायच्या आणि म्हणायच्या, "ठेव इथं." मी एकदा चमचा पुढे केला, तर म्हणाल्या, "चमचा काहून देतं वं? चमच्याची चव मले माहीत हाय. मले हाताची पाह्यची हाय."

मी तेल्हाऱ्याकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवरा वीटभट्टीवर घेऊन गेला. तिथे सुट्टीच्या दिवशी लोक डुकराचं मटण भाजायचे. जाळावर वरून काळं आणि आतून कच्चंच असायचं. भूक होती, मीही खाल्लं. पुढे नवऱ्याने दुसरं घर केलं आणि मी अकोल्याहून गाडीत बसून बडनेऱ्याला उतरले, कारण तिकीट तिथपर्यंतचंच होतं.

खानावळीत काम मागायला गेले, तर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "अंडं-मटण खातं का?"

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

त्यांनी माझ्यापुढे काकड्या आणि चाकू सरकवला. मी कोशिंबीर केली. दाण्याचा कूट, लिंबू, कोथिंबीर, सगळं हातानेच कालवलं. काकूंनी तळहात पसरला, चाखलं, डोळे मिटले. "तुह्या हाताले चव हाय वं, तेल्हारेवाली," म्हणाल्या. "जाय, तुही पेटी त्या कोपऱ्यात ठेव." त्या दिवसापासून मी त्यांची तेल्हारेवाली. मला तोपर्यंत कुणी चांगलं म्हटल्याचं आठवत नव्हतं. मी रोज पहिला घास त्यांच्या तळहातावर ठेवायचे आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायचे.

भाजी त्यांच्या धाकट्या भावाकडून यायची, गुलाबदादांकडून. नाल्याच्या कडेला त्यांची बाडी होती. मेथी, पालक, कोथिंबीर, एका कडेला झेंडू. सकाळी सायकलवर टोपली बांधून यायचे, ओट्यावर जुड्या रचायचे आणि बहिणीला चिडवायचे, "घे वं बाई, तुह्या गिऱ्हाइकाहीले चार. बैल खुश राहतीन." काकू म्हणायच्या, "बैल बरे. तुह्यासारकं तोंड तं नाही चालवत."

आता जे लाजेचं आहे ते लिहिते. भट्टीवरून आल्यापासून मला शौचात पांढरे, चपटे तुकडे दिसायचे, भोपळ्याच्या बियांसारखे, कधी दोन-तीन एकमेकांना जोडलेले. आई म्हणायची, गोड जास्त झालं की जंत होतात. मी गूळ सोडला. किराण्यातून वावडिंग आणून खाल्लं. काही दिवस तुकडे दिसायचे नाहीत, मला वाटायचं गेलं. मग पुन्हा. दुखत-खुपत काहीच नव्हतं. कुणाला सांगणार? बाहेरून आलं की पाण्याने हात खळबळून घ्यायचे, एवढीच आमची रीत. साबण आंघोळीपुरता. त्याच हातांनी मी कोशिंबीर कालवत होते.

तिसऱ्या वर्षी काकू वाढता वाढता पडल्या. वरणाचं भांडं एकीकडे, त्या दुसरीकडे, हातपाय ताठ होऊन झटके देत होते, तोंडाला फेस. जेवणाऱ्यांपैकी एकाने चप्पल नाकाला लावली, एक जण म्हणाला, बाईच्या अंगात आलं. गुलाबदादांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना अमरावतीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. म्हणाल्या, मेंदूत किड्याच्या गाठी आहेत. डुकराच्या मटणातून येतो तो पट्टकृमी.

काकूंना इतक्या आजारातही राग आला. "बाई, मी माळकरीण. मी कधी डुक्कर खाल्लं नाही, मंग डुकरानंच मले खाल्लं का?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट समजावलं. कच्चं मटण खाणाऱ्याच्या पोटात तो किडा वाढतो. डोक्याने आतड्याला धरून बसतो आणि वर्षानुवर्षं राहतो. मागचे तुकडे गळून पडतात, पण डोकं राहिलं की पुन्हा तेवढाच वाढतो. त्या माणसाला बहुतेक वेळा काही होतच नाही. पण त्याच्या शौचातून अंडी पडतात, डोळ्यांना न दिसणारी. ओल्या मातीत ती कितीतरी महिने टिकतात. डुकराला ती तिथूनच मिळतात, माणसाकडूनच. आणि हातावरून, पाण्यातून, कच्च्या भाजीवरून दुसऱ्या माणसाच्या तोंडात गेली, तर पोटात फुटून त्यातले किडे रक्तातून डोक्यात जातात. "त्याला मटण खावं लागत नाही, आजी. ज्याने खाल्लं त्याचा न धुतलेला हात पुरतो."

मी हात पदराखाली घेतले.

घरातल्यांनी शौचाचा नमुना तपासायला द्यायचा होता. काकूंचा दिला, त्यात काही निघालं नाही. मला दिलेली डबी मी रिकामीच नाल्यात फेकली आणि सांगितलं, दिली, माझ्यात काही नाही. मग उरलं काय, तर बाडी. नाल्याचं पाणी, काठाला सकाळी लोटा घेऊन बसणारी माणसं. काकूंनी स्वतःच हिशेब जुळवला.

दुसऱ्या दिवशी गुलाबदादा मेथी घेऊन आले. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी टोपली उचलली आणि भर गल्लीत पालथी केली. "ने तुहा नाला वापस! सख्ख्या बहिणीले नाल्याचं पाणी चारून राहिला!" आजूबाजूच्या दुकानांतली माणसं बाहेर आली. गुलाबदादांनी टोपली सरळ केली. खाली बसून एक एक काडी वेचली, टोपलीत ठेवली आणि सायकल हाती धरून चालत गेले. त्या आठवड्यात बाजारात त्यांची कोथिंबीर कुणी घेतली नाही. बायका जुडी हातात घ्यायच्या, हुंगायच्या, ठेवून द्यायच्या. "नाल्याची हाय ना ते," म्हणायच्या.

मी हे सगळं पाहत होते आणि पोळ्या लाटत होते. दोन शब्द बोलले असते तर ती टोपली पालथी झाली नसती. पण बोलले तर खोटं उघडं पडणार, कोपऱ्यातली पेटी उचलावी लागणार. मी आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी काकूंना पुन्हा झटका आला, चुलीपाशी, हात तव्याला लागून भाजला. त्या हाताला मलम लावताना तळहात माझ्या मांडीवर उघडा पडला होता. तोच तळहात. मग मी बोलले.

"काकू, बाडीचा काही दोष नाही. माझ्याकडून झालं."

मी सगळं सांगितलं, भट्टी, मटण, तुकडे, डबी. त्या ऐकत होत्या. शेवटी एवढंच विचारलं, "कवापासून?"

"तुमच्याकडं यायच्या आधीपासून."

मला वाटलं आता मारतील, आणि मारावं असंही वाटलं. काकू उठल्या, फळीवरून नेलकटर काढलं आणि माझ्यापुढे बसल्या. "आंधी नखं," म्हणाल्या. "मंग रड." माझी दहाच्या दहा नखं त्यांनी स्वतः कापली, भाजलेल्या हाताने, आणि कपटे कागदात गुंडाळून चुलीत टाकले.

मला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी माझी तपासणी केली, कधी झटका आला का, डोकं दुखतं का, खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, डोक्यात गाठी असतील तर नुसती जंताची गोळीही घात करते, म्हणून ही कुणी मनाने घ्यायची नसते. मग गोळी दिली. काकू रोज सकाळी संडासाच्या दाराबाहेरून ओरडायच्या, "झालं का वं? काय निंगालं?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. लाजेने मेले होते, तरी हसू यायचं.

खानावळ पंधरा दिवस बंद ठेवली. चादरी, पंचे, फडकी, सगळं भाताच्या मोठ्या गंजात उकळलं. संडास, लोटा, दाराची कडी, पाण्याच्या माठाचं ओगराळं, गरम पाण्याने आणि साबणाने घासून काढलं. फिनाइलच्या वासावर भरवसा ठेवू नका, ती अंडी त्याने मरत नाहीत, घासून वाहून घालवा आणि उकळून मारा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. संडासाजवळच्या नळाला काकूंनी जुन्या मोज्यात साबण बांधून टांगला. "डोयाले दिसत नाही ना? मंग दिसते तितकं सारं धू."

खानावळ उघडली त्या दिवशी त्यांनी जेवणाऱ्यांसमोर उभं राहून सांगितलं, "माह्या घरातून हा रोग निंगाला. बाडीतून नाही. तुमी इथं जेवले, तुमी तपासून घ्या." अर्धी माणसं परत आलीच नाहीत. आणि बाजाराने त्यांच्यावर विश्वासही ठेवला नाही. "भावाले वाचवून राहिली बिचारी," लोक म्हणाले. त्या बाडीत गेल्या, गुलाबदादांच्या पाया पडल्या. ते म्हणाले, "तुह्या घरातून, तं कोणापासून? नाव सांग. मी बाजारात नाव सांगतो." काकूंनी नाव सांगितलं नाही. परत येऊन मला म्हणाल्या, "तुहं नाव घेतलं तं तुले हे लोक फाळून खातीन. तो माहा भाऊ हाय, सोसंल." गुलाबदादांनी नाही सोसलं, बहिणीच्या दारात येणंच सोडलं. आणि मीही, नाव माझं असून, तोंड उघडलं नाही.

तीन महिन्यांनी माझी तपासणी पुन्हा झाली, साफ निघाली. त्या दिवशी मी साबणाने दोनदा हात धुऊन कोशिंबीर केली. काकूंनी सवयीने तळहात पसरला. "ठेव इथं." मी ठेवली. हात तोंडाकडे गेला आणि मधेच थांबला. थांबूनच राहिला.

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं ते पटते मले," त्या म्हणाल्या. "तुह्यावर राग नाही वं पोरी. पण घशाखाली नाही उतरत. मी काय करू?"

त्यांनी तो घास ताटाच्या कडेला ठेवला आणि नळावर जाऊन हात धुतला.

पुढे त्यांनीच ओळख काढून मला इथे नाशिककडे कारखान्याच्या कँटीनमध्ये लावून दिलं. फोनवर बोलत होत्या, ते मी ऐकलं. "पोट्टी चांगली हाय. तिच्या हाताले चव हाय, ठेवून घ्या."

इथे मी नळापाशी साबण मोज्यात बांधून टांगला आहे. मुली हसतात. कोथिंबीर मी पान पान करून वाहत्या पाण्याखाली धरते. तिथे जेवलेल्या कुणाला झटका आला असेल का, हा विचार भाकरी थापताना येतो आणि जात नाही. काकू फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं, "नखं कापली का वं?" त्यांच्या गोळ्या चालू आहेत, झटके थांबलेत. मी विचारते, गुलाबदादा भाऊबीजेला आले होते का? "त्याले बाडीले पाणी द्याचं असते ना," त्या म्हणतात आणि दुसरंच काही काढतात.

काकू, तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस झालं. पण एक दिवस मी बडनेऱ्याला उतरेन. आधी तुमच्याकडे येणार नाही. बाजाराच्या दिवशी गुलाबदादांच्या दुकानासमोर उभी राहीन आणि जुड्या हुंगणाऱ्या बायकांच्या देखत माझं नाव, माझं गाव घेऊन सांगेन, हा रोग कुणी आणला ते. मग दादांच्याच हातची कोथिंबीर घेऊन त्यांना सोबत तुमच्या दारात आणेन. माझ्यापुढे हात पसरा किंवा नका पसरू. तुमचा भाऊ मी तुम्हाला परत देईन.