दादाची पुडी

माझी आई महादेवाच्या देवळात जायची ती फुलांच्या परडीतून गांजा आणायला. विक्रोळीच्या आमच्या चाळीत तिच्याइतकी सोवळी बाई दुसरी नव्हती, तरी हे काम तिने वर्षानुवर्षं केलं. देवळामागच्या पिंपळाखाली बसणारा बैरागी पुडी द्यायचा, आई ती बेलाच्या पानांखाली सारायची. तिचा विचार सरळ होता. दादा स्वतः गेला की दोन-दोन दिवस परतत नसे. ती गेली की दहा मिनिटांत काम व्हायचं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. एका कंपनीत रंगकाम करायचा. स्वभावाने लोणी, पण त्याच्या मनाला भरती-ओहोटी होती. भरती आली की भल्या पहाटे उठून शेजाऱ्यांची दारं न विचारता रंगवायचा. कोपऱ्यावरच्या बिऱ्हाडाचं दार त्याने असंच पोपटी केलं आणि ते कित्येक वर्षं पोपटीच राहिलं. ओहोटीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. विशीत गांजा हाती लागला आणि दोन्ही मंदावल्यासारखं वाटलं. ओढला की तो पोटभर जेवायचा, झोपायचा, कुणाला उलट बोलायचा नाही. गिरण्यांच्या संपानंतर बाबा कायमचे गावी गेले होते. दहा बाय बाराच्या खोलीत गप्प माणूस म्हणजे सुखच. मीही त्या सुखाची वाटेकरी होते, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

एका भरतीत तो चालत मालाडपर्यंत गेला. चार दिवसांनी सापडला तेव्हा पायांची सालं निघाली होती. तसाच त्याला इस्पितळात नेला.

"गांजा कुठून आणतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी आणून देते," आई म्हणाली, खोकल्याचं औषध आणते अशा थाटात.

बाईंनी पेन खाली ठेवलं, पण रागावल्या नाहीत. "तो शांत दिसतो म्हणून तुम्हाला बरा वाटतो. पण आजाराच्या फेऱ्या कमी झाल्या का?"

मी बोटं मोजली. पूर्वी दोन वर्षांतून एकदा यायचं ते आता वर्षातून तीनदा येत होतं. आईने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका पडला की मला बोटं मिटून घ्यावीशी वाटली.

गोळ्या सुरू झाल्या, परडीतून नुसता बेल येऊ लागला. पहिले काही आठवडे दादाला झोप नव्हती, घाम फुटायचा. चमत्कार काही झाला नाही. पुढेही तो दोनदा आजारी पडलाच, पण सावरला. खरी पंचाईत आमची झाली. तो मोठ्याने हसला तरी आई त्याच्या डोळ्यांत डोकवायची, जरा आडवा झाला तर मी. अकरा वर्षांत त्याचा साधा राग आम्ही पाहिला नव्हता, त्यामुळे राग कुठला आणि आजार कुठला तेच ओळखता येईना.

एका रविवारी दुपारी बांगड्याचं सार केलं होतं. दादाने एक घास घेतला आणि ताट ढकललं.

"खारट झाला हा. खावचा कसा?" त्याचा आवाज चढला होता.

आईने हात धुतले, परडी उचलली आणि चपला शोधू लागली. ती कुठे निघाली ते तिघांनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडून 'जाऊ नको' निघालं नाही. मीही घाबरले होते.

दादा दारात जाऊन उभा राहिला. ओरडला नाही.

"आये," तो म्हणाला, "मी आजारी नाय. मी चिडलंय."

आई एका पायात चप्पल घालून तशीच थांबली. मग ती काढून परत आली, त्याच्या ताटातलं सार बोटाने चाखलं. "खारट आसा," म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून त्याच्यासाठी अंडं फोडायला बसली.